कोचीच्या जाळ्यावर सुभेदारांची हाक

क्रूझला जायचं हे मी ठरवलं आणि घरात कुणालाच पटलं नाही. आमचे हे म्हणाले, "त्यापेक्षा आष्ट्याच्या घराला रंग दिला असता." आई म्हणाली, "पान्यात काय बघायचं असतंय?" खरं तर सगळा घाट अप्पांसाठीच घातला होता.

माझं सासर आष्टा, माहेर कोरेगाव. अप्पा, म्हणजे माझे वडील, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले. पलटणीच्या रस्सीखेच संघाचे ते उस्ताद. त्यांच्या हाकेवर अख्खा संघ एका दमात मागं सरकायचा. मग अर्धांगाचा झटका आला. चालणं सुधारलं, बोलणं सुधारलं, उजवा हात काही सुधारला नाही. आणि डाव्या हातानं जेवायची या माणसाला इतकी लाज, की चारचौघांत घास घेणंच बंद! लग्न नाही, बारसं नाही, यात्रेचं जेवण नाही. खोलीचं दार लोटून एकटे जेवायचे. मला ते बघवायचं नाही. त्यांना पुन्हा माणसांत बसून जेवताना बघायचं, एवढ्यासाठी मी क्रूझ काढली होती.

आम्ही दोघं सांगलीला रेल्वेत बसलो, आई-अप्पा कोरेगावला चढले. जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: जहाजावर घरचं खाणं नेऊ देत नाहीत. आईची शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी मुंबईच्या बंदरावरच अडली. "चटनीनं काय बोट बुडतीया व्हय?" म्हणून तिनं तिथल्या पोरीला झापलं. पोरगी मराठी नव्हती म्हणून निभावलं.

जहाज झकास. वर पोहायचा तलाव, रात्री गाणीबजावणी, जेवायला दालनंच्या दालनं. आणि आमचे सुभेदार? खोलीत दहीभात मागवून समुद्राकडे तोंड करून बसलेले. माझी अशी चिडचिड झाली म्हणून सांगू!

कोचीला जहाज दिवसभर थांबतं. किनाऱ्यावरची सहल जहाजावरच आधी नोंदवून ठेवावी, माणशी दोन-अडीच हजार पडतात. बस, गाईड आणि जेवण त्यात आलं. स्वस्तात हवं तर बंदराबाहेर रिक्षा मिळते, पण बरोबर म्हातारी माणसं असतील तर बसच बरी. आधार कार्ड आणि जहाजाचं कार्ड दोन्ही जवळ ठेवा. अप्पा यायला तयार नव्हते. मी म्हटलं, "मग मी पण न्हाई जात. बसूया दोघं भिंतीकडं बघत." तेव्हा उठले.

गाईडचं नाव सजी. बसमध्ये बरीचशी आमच्याच मुलखातली मंडळी, सातारा, कराड, तासगाव. कुणी ओळखीचं नव्हतं एवढंच. फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर ती प्रसिद्ध चिनी जाळी आहेत. लाकडाच्या लांब दांड्यांवर टांगलेलं भलंमोठं जाळं पाण्यात सोडतात आणि चार-पाच कोळी दोर ओढून ते वर काढतात. मागं वजनाला धोंडे बांधलेले. थोडी बक्षिसी दिली की पर्यटकांनाही ओढू देतात.

झालं! आमची मंडळी बाह्या सारून पुढं. आता दोर हातात आला की आमच्याकडच्या माणसाला एकच गोष्ट सुचते, समोरच्याला ओढून पाडायचं. सगळ्यांनी टाचा रोवल्या, "आरं खेच गड्या!" म्हणून असा हिसका दिला, की जाळं गचकन तिरकं वर आलं, मासे टपाटप परत पाण्यात, आणि कोळी डोक्याला हात लावून ओरडायला लागले. "धीरे, सर, धीरे!" सजीचा जीव वरखाली. आमचे हे तर वाळूत बसकण मारून मोकळे.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांबाऽऽ! दोर सैल सोडा! भांडताय का ओढताय रं?"

अप्पा. बाकावरून उठून दोराशेजारी येऊन उभे राहिले होते. तो आवाज मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. आई तर जागच्या जागी थिजली. जाळं पुन्हा पाण्यात सोडलं. अप्पांनी लुंगीतल्या म्हाताऱ्या कोळ्याकडे बघून डावा हात वर केला, त्यानं मान हलवली. "दम घ्या... आता, एक पाऊल! दम... एक पाऊल!" हात खाली आला की सगळे मागं, वर गेला की श्वास. दोन हाका झाल्यावर तो कोळी स्वतःच्या भाषेत तीच हाक देऊ लागला. जाळं संथ, सरळ वर आलं. आत मूठभर मासळी आणि एक खेकडा! पण टाळ्या अशा पडल्या, की पलीकडच्या जाळ्यावरचे लोक बघायला आले. "कोण आहेत हो हे?" तासगावच्या एका बाईंनी विचारलं. "माझे वडील," मी म्हटलं, जरा मोठ्यानंच.

दुपारचं जेवण केळीच्या पानावर, सगळे एका ओळीत. मी म्हटलं, आता हे बसमध्ये जाऊन बसणार. पण मघाचे दोरवाले त्यांना सोडतायत कुठं? "सुभेदारसाहेब, हितं, मधी बसा!" सजीनं चमचा पुढं केला. अप्पांनी पानाकडे बघितलं, नको म्हणून मान हलवली आणि डाव्या हातानं भात कालवला. माझ्या पानावर काय वाढलं होतं, मला आठवत नाही.

पण ती परकी माणसं. परत येताना मला धाकधूक होती, की हे कोचीपुरतंच.

समुद्राचे फोटो आता मोबाइलमध्ये पडून आहेत, कुणी बघत नाही. मात्र मागच्या महिन्यात चुलतभावाची वास्तुशांत झाली, कोरेगावातच. अख्खी भावकी हजर. वहिनी अप्पांना म्हणाली, "तुमचं ताट आत ठिवलंय."

"आत कोन हाय? समदी हितं बसल्यात न्हवं?" म्हणत अप्पा पंगतीत बसले. शेजारच्या तात्यांना राहवलं नाही. "डाव्या हातानं व्हय, सुभेदार?"

"व्हय. उजवा पेन्शनीत गेलाय. ह्यो अजून ड्यूटीवर हाय."

पंगत अशी हसली, की बाहेरची माणसं आत डोकावली. मी वाढायचं सोडून उभीच. आईनं मला कोपरानं ढोसलं, "बघत काय ऱ्हायलीस? वरण आन की. सुभेदार खोळंबल्यात."