मागची सीट

धोंडुबाईंनी भरलेली बॅग ज्यानं एकदा नेली, त्याला पुन्हा दुसऱ्या कुणाच्या हातची चालत नाही, हे पन्हाळ्याच्या वाटेवरच्या केर्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. पोरगी नांदायला निघाली, पोरगं पुण्याला होस्टेलवर चाललं, कुणाला दुबईत नोकरी लागली, की आधी धोंडुबाईंना निरोप. त्या येतात, पदर खोचतात आणि कॉटवर मांडलेल्या ढिगातलं निम्मं सामान कुणाचं न ऐकता बाजूला काढतात. "ह्ये कशाला? तिकडं काय दुकानं न्हाईत?" उरलेलं मग असं बसतं की चेन एका बोटानं ओढावी. साडीची घडी नाही, सुरळी करायची. मोजे बुटात, जड वस्तू चाकाकडं, चटणीची बरणी मधोमध कपड्यांत. माहेर गगनबावड्याचं. पावसाळ्यात घरातली वस्तू न् वस्तू गुंडाळून कोरडी ठेवायची सवय तिथं लहानपणीच हाताला लागली.

आणि ही बाई स्वतः कुठं गेली? कुठंही नाही. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, सगळ्यात लांबचा प्रवास मिरजेचा, तोही नवऱ्याच्या ऑपरेशनला, दवाखान्यातल्या फरशीवर झोपायला. घरचे मात्र फिरस्ते. तिरुपती झालं, हंपी झालं, गिरनार झालं. दरवर्षी दिवाळी सरली की नवरा गणपतराव, धाकटे दीर हंबीरराव, त्यांची बायको, धोंडुबाईंचा मुलगा विश्वजित आणि सून तेजस्वी असे पाचजण गाडीत बसायचे आणि मागची सीट पाडून तिथं सामान रचलं जायचं. गाडी सात माणसांची. पण धोंडुबाईंनी विषय काढला की गणपतराव म्हणायचे, "सामानालाच जागा न्हाय, तुला कुठं बसवू? टपावर?" यावर सगळे हसायचे. टपावर कॅरिअर लावला की गाडी ॲव्हरेज देत नाही, हे विश्वजितचं मत. आणि एवढ्यानंही भागलं नाही तर म्हशी होत्याच. म्हशी हिच्याशिवाय दुसऱ्याच्या हाताला दूधच सोडत नाहीत, हे घरात फार कौतुकानं सांगितलं जायचं. असल्या कौतुकाला खरं तर चुलीत घालावं.

यंदा कन्याकुमारी ठरली. ते नाव ऐकलं आणि धोंडुबाईंचा घास हातातच राहिला. घाट उतरला की पुढं समुद्र, असं त्या गगनबावड्यात लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. पण घाट उतरायची वेळ कधी आली नाही, आणि आता त्रेसष्टावं सरत आलं होतं.

"आठ दिसाचं सामान हाय, नीट भर," गणपतराव म्हणाले. "गेल्या साली सात बॅगा हुत्या."

"भरते की," धोंडुबाई म्हणाल्या. त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं. यंदा समुद्र बघायचाच. कुणाला विचारायचं नाही, कुणाच्या पाया पडायचं नाही.

पहिल्यांदा म्हशी. शेजारच्या अनुजाला त्यांनी महिनाभर रोज धारेला बोलावलं. आधी स्वतः म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या, मग दारात, मग गोठ्याबाहेर. चौथ्या आठवड्यात त्या चहा पीत बसल्या आणि तिन्ही म्हशींनी अनुजाला बादली भरून दिली. आठ दिवस धार काढायची आणि दूध तिनंच ठेवायचं, असं ठरलं. घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. गोठ्याकडं बघतंय कोण!

मग बॅगा. दोन दिवस धोंडुबाई खोलीत दार लावून बसल्या. हंबीररावांची उशी बाहेर आली. जावेच्या अकरा साड्यांच्या पाच झाल्या. बुटांचे जादा जोड, पाच टॉवेल, स्टीलचा तीनताळी डबा, सगळं परत फळीवर गेलं. सात बॅगांच्या तीन झाल्या.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी विश्वजितला सामान लावू दिलं नाही. दोन बॅगा मागच्या सीटमागं उभ्या केल्या, तिसरी सीटच्या अर्ध्या भागावर. उरलेला अर्धा मोकळा. तेजस्वीनं ते बघितलं आणि ती तोंडाला पदर लावून हसली. सगळे चपला घालून बाहेर येईपर्यंत धोंडुबाई त्या मोकळ्या जागेत मांडी घालून बसल्या होत्या.

"वैनी, हितं कशाला बसलाय?" हंबीरराव म्हणाले.

"कन्याकुमारीला."

गणपतराव पुढच्या सीटवरून उतरले. "चेष्टा पुरं. उतर. म्हशीचं कोण बघणार?"

"अनुजा बघतीया. आज सकाळची धार तिनंच काढलीया, तुमी त्याच दुधाचा चहा पिऊन आलाय."

गणपतराव लाल झाले. गल्लीतली चार माणसं दारात येऊन उभी होती, आणि त्यांच्यासमोर बायकोनं ऐकू नये म्हणजे काय! "जागा न्हाय म्हटलं न्हवं?"

"मी बसलीया ती जागाच हाय."

"आई, अगं तुझी बॅग कुठाय?" विश्वजितनं विचारलं.

"माजी येगळी बॅग न्हाय. बरण्यांना माज्या साड्या गुंडाळल्यात. काकीच्या बॅगंत माजी पोलकी हैत. तुज्या आबांच्या बुटात माजा चष्मा हाय. सगळ्यांच्यात थोडं थोडं हाय."

"मग काढ तुजं तू आन उतर!" गणपतराव ओरडले.

"मी न्हाय काढत. तुमाला पायजे तर तुमी काढा."

गणपतरावांनी काढलं. सीटवरची बॅग ओढून अंगणात आपटली आणि चेन उघडली. आतून साड्या, सदरे, औषधं, फराळाच्या पिशव्या अशा उसळून वर आल्या की एवढं सगळं आत मावलं कसं, हेच कुणाला कळेना. दोन साड्या त्यांनी बाहेर ओढल्या. त्यांच्यातली चटणीची बरणी घरंगळत तुळशीपाशी गेली. ती आणून त्यांनी परत कोंबली, तर चेन लागेना. हंबीरराव बॅगेवर गुडघा देऊन बसले. जावेनं एक कोपरा धरला, विश्वजितनं दुसरा. औषधं बाहेर काढली तरी लागेना. दोन साड्या कमी होऊनही बॅग आधीपेक्षा फुगली होती. दारातली माणसं आता उघड हसत होती.

"आगं, ये की जरा हिकडं," शेवटी गणपतराव म्हणाले. आवाज पुष्कळ खाली आला होता.

"सीट सोडून मी येत न्हाय."

"मग ह्ये कसं करायचं?"

"हितनं सांगते. तुमी भरा."

गणपतरावांनी भावाकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं. कुणीच पुढं झालं नाही. तेजस्वी तर मुकाट्यानं जाऊन मधल्या सीटवर बसली, म्हणजे आता निघायचंच असल्यासारखी. मग गणपतराव धोतर आवरून अंगणात गुडघ्यावर बसले. बाहेर पडलेली बायकोची हिरवी साडी त्यांनी हातात घेतली आणि कशीबशी घडी घालायला लागले.

"घडी न्हवं, सुरळी करा," गाडीतून धोंडुबाई म्हणाल्या. "काठ आत घ्या. आसं न्हाय. सोडा परत, पयल्यापासनं करा."