भिंतीपलीकडचा आकडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, ज्या मैत्रिणीनं ते यंत्र दिलं तिलाही नाही. एरवी मी बडबडी बाई, माझ्या तावडीतून पाहुण्यांना सोडवावं लागतं. पण हा विषय मनात आला की तोंडाला कुलूप. आज का सांगतेय, ते विचारू नका. मलाच नीट माहीत नाही.

मी भुलीची डॉक्टर. राहते नगरला — नाव बदललं तरी माझ्या तोंडी नगरच येतं — आणि काम श्रीगोंदा, काष्टी, कर्जत या पट्ट्यात. आमचं काम असंच. फोन आला की गाडी काढायची, भूल द्यायची, पेशंट शुद्धीवर आला की पुढच्या गावाला. त्यातल्या एका छोट्या दवाखान्यात मी सगळ्यात जास्त जायचे. गाव सांगत नाही. तिथलं थिएटर म्हणजे एक बंद खोली, एसी आणि भुलीचं जुनं मशीन. पेशंटला दिलेला गॅस सगळा त्याच्या अंगात राहत नाही, बराचसा परत बाहेर पडतो. मोठ्या हॉस्पिटलात तो ओढून बाहेर टाकायची सोय असते. इथं मशीनच्या मागं नुसती एक नळी लोंबत असायची आणि गॅस खोलीतच राहायचा. कोण विचारतंय? इतकी वर्षं मीही विचारलं नव्हतं.

मग मला दिवस गेले — आणि मग मात्र मी विचारलं. बघा कशी आहे मी.

आधीचं एक टिकलं नव्हतं, आणि हा गॅस रोज नाकात गेला तर गर्भाला धोका असतो म्हणतात, त्यामुळे धास्ती होतीच. पुण्यातल्या मैत्रिणीकडून हवेतला गॅस मोजायचं हातातलं यंत्र मागून आणलं. धरलं की पडद्यावर आकडा दिसतो. ऑपरेशन चालू असताना माझ्या स्टुलाजवळ धरलं, तर आकडा असायला हवा त्याच्या कितीतरी वर. पाचावर धारण बसली माझी.

भिंतीत एसीच्या पाइपासाठी पाडलेलं भोक होतं. मी मशीनच्या नळीला दुसरी नळी जोडली आणि तिचं तोंड त्या भोकातून पलीकडं सारलं. बाहेर जाईल गॅस, म्हटलं. पुन्हा मोजलं, आकडा एकदम खाली. जिवात जीव आला. इथवर मी काही वाईट केलेलं नाही, असं मी स्वतःला अजून सांगते. पण गोष्ट इथं थांबली असती, तर मी तुम्हाला सांगायला बसले असते का?

त्या दवाखान्यात मंगल सिस्टर होती. जवळच्याच वाडीवरची, शेतकऱ्याच्या घरातली. थिएटरमागं पत्रे टाकून केलेल्या खोलीत ती हत्यारं धुवायची, ती वाफेवर निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह लावायची, कापसाचे ड्रम भरायची. तिलाही दिवस गेले होते, माझ्या थोडे आधी, आणि फार वाट बघून. मॅडमला मुलगी अन् मला मुलगा, सोयरीक पक्की, असं म्हणून ती मला चिडवायची. गॅसचा वास आला की ती काम टाकून बाहेर ओट्यावर जाऊन बसायची. त्या दिवशी मला यंत्र घेऊन फिरताना बघितलं आणि म्हणाली, आमच्या खोलीत पण बघा की, आज लई डोकं धरलंय.

मी गेले. त्या खोलीला खिडकी नव्हती. आणि कोपऱ्यात, तिच्या ड्रमच्या वर, भिंतीतून माझी नळी डोकावत होती. तिचं दार बोळातून असल्यामुळं थिएटर आणि ही खोली यांच्यात भिंत एकच आहे हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. यंत्र धरलं. आकडा चढत गेला — माझ्या स्टुलाजवळ होता त्याच्याही वर.

ओले हात पुसत ती शेजारी येऊन उभी राहिली. "काय म्हनतंय मशीन, मॅडम?"

"काही नाही. सगळं ठीक आहे," मी म्हणाले.

का म्हणाले? खरं सांगितलं असतं तर नळी परत माझ्याकडं आली असती. दुसरं कारण नाही. शोधलीत मी कारणं, पुष्कळ शोधलीत. आणि तिनं लगेच विश्वास ठेवला. त्यानंतर ती ओट्यावर जायचीच बंद झाली. डबाही तिथंच खायची. मॅडमनी मशीन लावून बघितलंय, असं सगळ्यांना सांगायची. मी यंत्र पुण्याला परत पाठवून दिलं.

पाचव्या महिन्यात मंगलचं मूल गेलं.

गॅसमुळेच गेलं का? कुणीच सांगू शकत नाही. मूल जायला हजार कारणं असतात, हे मी डॉक्टर म्हणून शपथेवर सांगेन. आणि इतकी वर्षं याच वाक्याच्या आड लपून बसले आहे. ती रजेवर असताना मी नळी काढली आणि मागच्या अंगणात सोडली. चहा गार व्हायच्या आत काम झालं. म्हणजे पहिल्याच दिवशी झालं असतं, नाही का? फक्त तोंड उघडायला हवं होतं.

मला मुलगी झाली. धडधाकट.

पण मला सांगायचं आहे ते याच्याही पुढचं. मंगल कामावर परत आली, तेव्हा तिनं घरचं सांगितलं. सासू म्हणत होती, त्या दवाखान्यातल्या वासानंच घात केला. सासू — जिनं यंत्र डोळ्यानं पाहिलं नव्हतं. आणि मंगल तिच्याशी भांडली होती. माझ्या बाजूनं भांडली होती, मॅडमनी स्वतः मोजलंय म्हणून.

मग माझ्याकडं बघत म्हणाली, "म्हंजे खोट माझ्यातच म्हनायची. न्हाई का, मॅडम?"

खोलीत आम्ही दोघीच होतो. मला कसली घाई नव्हती, कुणाची भीती नव्हती. एक शब्द पुरला असता.

"असतं एखादीचं तसं," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि ड्रम भरायला घेतला.

मंगल अजून त्याच दवाखान्यात आहे. पुन्हा दिवस राहू द्यायचं धाडस तिनं केलं नाही. कुणी विचारलं तर शांतपणे सांगते — आपल्याच अंगात खोट आहे, आणखी एक जीव कशाला घालवायचा. कधी कधी मी तिथंच बसलेली असते. मी ऐकते आणि पुढच्या पेशंटला आत घ्यायला सांगते.