अण्णांचं पाव पोट

ऑपरेशन आमच्या घरात एकट्या अण्णांचं झालं, पण किस्से सगळ्यांच्या वाट्याला आले. कोणी चहाला आलं की आई एक सांगायला घेते, मी मध्येच तोडून दुसरा सुरू करते, आणि पहिला अर्धाच राहतो. ऐकणारे हसतात. आम्हीही हसतो. पण हे सगळं घडत होतं तेव्हा घरात कोणाला धड झोप नव्हती, एवढं आधीच सांगून ठेवते.

अण्णा म्हणजे माझे वडील. नेकनूरला आमचं हॉटेल आहे. भजी, जिलेबी, मिसळ, चहा. अण्णा गल्ल्यावर बसले की मागचं कपाट दिसायचं नाही, असा त्यांचा देह. दुपारी बसल्या बसल्या त्यांना झोप लागायची आणि झोपेत श्वास अडकायचा. घोरणं एकदम बंद. मग थोड्या वेळानं पाण्यातून वर आल्यासारखा मोठा श्वास. त्यांचे लहानपणापासूनचे मित्र वैजनाथकाका समोरच्या बाकड्यावर असायचे. ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "भिऊ नका. शेठ वर जाऊन चौकशी करून येतेत. जागा न्हाई म्हनून परत पाठवतेत."

एका दुपारी श्वास परत यायला फार वेळ लागला. काकांचा चहाचा हात हवेतच राहिला. मी गल्ल्याच्या आत घुसून अण्णांच्या छातीवर थापा मारल्या. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काय देऊ?"

काकांनी तो विनोद पुन्हा केला नाही. मी त्याच आठवड्यात संभाजीनगरला डॉक्टरांची वेळ घेतली. आई म्हणाली, "दिवाळीचा सीझन होऊ दे." सीझन दर वर्षी येतो, मी म्हटलं. मला थांबणं जमत नाही.

*

डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभरात काय काय खाता?"

"दोन टायमाला एक एक भाकर," अण्णा म्हणाले.

"अण्णा, खरं सांगा."

"खरंच सांगायलो माय. जेवन तेवढंच. बाकीचं चाखनं."

"चाखणं म्हणजे?" डॉक्टर.

"म्हंजे भज्याचा घाणा निघाला की दोन भजे. जिलेबीचा पाक जमला का ते बघायला एक कडं. मिसळीचा रस्सा. माल बिघडला तर गिऱ्हाईक तुटंल ना साहेब."

"किती घाणे निघतात दिवसात?"

अण्णा बोटांवर मोजायला लागले. हॉटेल पहाटे उघडतं आणि दिवेलागणीनंतर बंद होतं.

डॉक्टरांनी कागदावर जठराचं चित्र काढलं, उभी रेघ मारली आणि चारातल्या तीन हिश्शांवर फुली मारली. "वजन उतरलं की श्वास अडकायचा थांबेल. त्यासाठी एवढं काढायचं. हे पाव ठेवायचं. यात चाखणं बसेल, नाहीतर जेवण. दोन्ही नाही."

अण्णांनी कागद उलटासुलटा करून बघितला. बाहेरच्या बाकावर आल्यावर हळूच म्हणाले, "माय, मानूस असा हप्त्याहप्त्यानं जातो का गं?"

मी हसले. मग बाटलीतलं पाणी एका दमात प्यायले.

*

ऑपरेशनआधी काही दिवस पातळ पदार्थांवर राहायचं होतं. यकृतावरची चरबी कमी झाली की दुर्बिणीला जागा मिळते. हे मी प्रत्येकाला समजावलं आणि प्रत्येकानं मान हलवून तेच विचारलं, "पर उपाशी कावून ठिवलंय?"

तलवाड्याहून आत्या आली. अण्णांची धाकटी बहीण. यजमान गेल्यापासून तिच्या घरचं थोरलेपण अण्णांकडेच. तिनं अण्णांच्या वाटीतलं मुगाचं पाणी बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "फाशीवाल्याला तरी मागंल ते देतेत."

आणि भेटायला येणारे! प्रत्येकाकडे एक गोष्ट असायची. "आमच्या मेव्हण्याच्या गावात एकाचं असंच आपरेशन झालतं..."

"मग?"

"मग काय. मानूस लई चांगला होता."

शेवटी मी ओसरीवर उभं राहून जाहीर केलं, ज्याच्या गोष्टीत माणूस मरतो त्यानं बाहेरच बसायचं. आत यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी वैजनाथकाका पायरीवर एकटेच बसलेले दिसले. अण्णांनी आतून हाक मारली, "वैजा, आत ये की बे."

"नको," काका म्हणाले. "माझ्याकडं तसल्याच हायेत."

*

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आत्या दवाखान्यात आली. आदल्या दिवशी कपिलधारला जाऊन, दर्शन घेऊन, तिथून मुक्काम करत आलेली. मी तेव्हा खाली औषधं आणायला गेले होते. वर आले तर स्ट्रेचर दारात, आणि भुलीचे डॉक्टर नेहमीचा प्रश्न विचारत होते. "रात्रीपासून काही खाल्लं-प्यायलंय?"

"न्हाई."

"पाणी?"

"न्हाई."

माझं लक्ष अण्णांच्या मिशीकडे गेलं. पांढरा कण होता.

"अण्णा, मिशीला काय आहे?"

"कुठं काय?" त्यांनी हात फिरवला. बोटाला पेढा लागला. "अगं, ह्यो परसाद हाय. परसादाला खानं कोन म्हनतं? आन् वर घोटभर तीर्थ."

"किती पेढे?" डॉक्टरांनी विचारलं.

आत्या अभिमानानं म्हणाली, "चार. सगळ्यांच्या नावानं एकेक."

डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी स्ट्रेचर परत फिरवायला सांगितलं आणि आत्याला समोर बसवून शांतपणे समजावलं. भूल दिल्यावर गिळण्यावरचा ताबा जातो. पोटातलं वर येतं आणि फुफ्फुसात उतरतं. "मग आम्हालाही नेहमीच वाचवता येतं असं नाही."

आत्यानं प्रसादाची पिशवी माझ्या हातात दिली. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी ठरलं. त्या सकाळी मी पुन्हा वर आले तेव्हा ती खोलीच्या दारात मांडी घालून बसली होती आणि नर्स हातात गोळी घेऊन बाहेर उभी होती.

"मावशी, जाऊ द्या मला. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"तेन्ला इथं येऊन माझ्यासमोर सांगू दे," आत्या म्हणाली.

डॉक्टरांना खरंच यावं लागलं.

*

ऑपरेशन नीट पार पडलं. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, नाडी जोरात पळायला लागली, ताप आला, पोटात कळ आली, तर घरगुती काही करत बसू नका, थेट या. आतला टाका गळत असेल तर वेळ नसतो.

झालं. त्या दिवसापासून अण्णांचा हात त्यांचा राहिला नाही. आई चमच्यानं पाणी पाजताना एका हातानं मनगट धरायची. मी येता-जाता धरायचे. स्वयंपाकघरात भांडं पडलं तरी आम्ही दोघी धावत त्यांच्याकडे जायचो.

वैजनाथकाका आले, त्यांनी हात मिळवला आणि मिळवलेला सोडलाच नाही.

"हात सोड बे."

"गप पड. नाडी बघायलोय."

"तुला मोजता येती का?"

"मोजता येत न्हाई," काका म्हणाले. "हाय का न्हाई तेवढं कळतं."

*

अण्णा पुन्हा गल्ल्यावर बसले तेव्हा मागचं कपाट पूर्ण दिसायला लागलं. लोकांना आनंद व्हायला हवा होता. पण गिऱ्हाईक आवाज खाली करून विचारायचं, "शेठला लागन कितवर पोचलीय?" शेठला मोठा आजार झालाय, घरचे लपवतायत, ही बातमी आठवडी बाजाराबरोबर सगळीकडे गेली.

मी चिडले. ज्या माणसाचा श्वास भरदुपारी थांबायचा तो ठणठणीत आणि आता जो चालत हॉटेलला येतो तो आजारी, हे कुठलं शहाणपण? मी सरळ सगळं सांगून टाका म्हणत होते. आत्यानं हात जोडले. तिच्या मुलीचं, रेणूचं लग्न ठरलेलं, वडिलांच्या जागी अण्णाच उभे राहणार. "पोरीच्या सासरी कळलं तर म्हनतील, ह्यांच्या घरात कापाकापीचं दुखनं हाय. अक्षदा पडूस्तर गप ऱ्हा."

"मग निदान पत्रिकेत छापू, पंगतीत आग्रह करू नये."

"म्हंजे लोक म्हनतील, जेवायला पुरलं न्हाई."

तेव्हा मी हट्ट सोडला. पण तिथून मला लग्नाची धास्ती लागली. अण्णा अजून वरण आणि मऊ भातावर होते, तेही वाटीभर नाही. मोठा घास अडकला, उलटीचा जोर आला, तर आतल्या जखमेचं काय होईल ते डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं.

*

अक्षता पडल्या. पहिली पंगत बसली. आमच्याकडे व्याह्या-व्याह्यांनी भर पंगतीत एकमेकांना घास भरवायचा असतो. त्याशिवाय सोयरीक पक्की झाली असं कोणी मानत नाही. अण्णांनी आधीच ठरवलं होतं, बुंदीच्या एका कळीएवढा तुकडा घ्यायचा आणि हसायचं.

मुलाचे वडील उभे राहिले. मोठा, मनमोकळा माणूस. त्यांनी बुंदीचा अख्खा लाडू उचलला आणि अण्णांनी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात आत सारला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"चावा की शेठ. पोरगी दिली, आता काय लाजता?"

मी वाढायची बादली घेऊन दोन पानं पलीकडे होते. अण्णांचे गाल फुगलेले. गिळता येत नव्हतं आणि व्याह्याच्या हातचं थुंकता येत नव्हतं. कपाळावर घाम आला. मग त्यांनी डोळे मिटले. भीतीनं, की इतक्या दिवसांनी जिभेवर पाक आला म्हणून, हे मला आजही माहीत नाही. त्यांच्या गळ्याची घाटी वर सरकताना मला दिसली. मी बादली खाली ठेवली.

आत्या सकाळपासून मागे मागे होती. नवरा नसलेली बाई म्हणून मंडपात एकदाही पुढे आली नव्हती, आणि व्याह्यांसमोर तर तिचा पदर कपाळाच्याही खाली असायचा. ती दोन पंगतींच्या मधून चालत आली, अण्णांपुढे वाकली आणि त्यांच्या तोंडाखाली ओंजळ धरली.

"थुक दादा."

अण्णांनी डोळे उघडले.

"थुक म्हनते ना."

अण्णा थुंकले. व्याह्यांचा चेहरा उतरला. कोणीतरी "हे काय नवीन" म्हणालं. आत्यानं ओंजळ रिकामी केली, हात धुतला, परत आली, आणि अण्णांच्या शेजारी पानासमोर खाली बसली. डोक्यावरचा पदर तिनं मागे सरकवला आणि पहिल्यांदाच व्याह्यांकडे सरळ बघितलं.

"दादाच्या वाटचा घास माझा," ती म्हणाली. "भरवा." आणि तोंड उघडलं.