माझ्या सहीची सीडी

जी किल्ली जिवापाड जपायची, तीच मी सीडीवर भरून गावभर वाटली.

इंटरनेट तेव्हा टेलिफोनच्या तारेतून ठिबकायचं, त्यामुळे सगळा कारभार सीडीवर. लिनक्सवर मराठी नीट दिसावं म्हणून मी फॉन्ट आणि कीबोर्डचं एक पॅकेज बांधलं होतं. नाशिकच्या आमच्या लिनक्सवाल्यांच्या रविवारच्या मंडळात त्याचं कौतुकही झालं. पॅकेज खरंच माझंच आहे, मध्ये कोणी ढवळाढवळ केलेली नाही, हे कॉम्प्युटरला कळावं म्हणून त्यावर सही करतात. त्यासाठी किल्ल्यांची, म्हणजे दोन छोट्या फाइलींची, जोडी असते. एकीने सही होते, ती आपल्यापाशी ठेवायची. दुसरीने सही तपासता येते, ती सगळ्यांना द्यायची. यावर मी इतकी व्याख्यानं दिली होती, की मी उभा राहिलो की लोक चहाला जायचे.

सीडी करताना मात्र दोन्ही किल्ल्यांसकट अख्खं फोल्डरच उचलून टाकलं. सहीच्या किल्लीला पासवर्डही नव्हता. रोज कोण टाइप करणार?

घोटीच्या शाळेतले एक मास्तर चहाला न जाणाऱ्यांपैकी. त्यांचा फोन आला.

"सर, सीडीत दोन किल्ल्या दिसतायत. एकीच्या नावात सिक्रेट आहे. तीपण टाकायची का?"

"बघून सांगतो," म्हणालो आणि फोन ठेवला. ती सीडी ज्याच्या हाती पडेल तो माझ्या नावाने वाटेल त्या पॅकेजवर सही करू शकत होता, आणि माझ्यावर विसंबलेली सगळी मशीन्स ते निमूट आत घेणार होती. मास्तरांच्या मशीनवर तर पोरांचे मार्क होते.

दुसऱ्या दिवशी एसटीने घोटी गाठली. कॉम्प्युटरच्या वर भिंतीला कागद चिकटवलेला, मास्तरांच्या वळणदार अक्षरात: 'सरांची सही तपासल्याशिवाय काहीही इन्स्टॉल करू नये.'

झालं ते सांगितलं, मशीनवरून माझी सही तपासायची किल्ली काढली, सीडी परत मागून घेतली. मास्तर हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

"मग हा कागद काढू का?"

"सही तपासायचीच, मास्तर. फक्त 'सरांची' एवढं खोडा."

त्यांनी लगेच खोडलं. जरा घुटमळले असते तर काय बिघडलं असतं?

मंडळातल्या बाकीच्यांना सांगायचं राहिलंच होतं. घरी आल्यावर बायकोला म्हणालो, "एवढी काय घाई? रविवारी नवी किल्ली देतो, सुधारित म्हणून. जुनी टाकून द्या म्हणायचं. कारण कशाला सांगायचं?"

तिने फोन उचलून माझ्या पुढ्यात ठेवला.

"आत्ताच करा. आज लाज वाटतेय तोवर खरं बोलाल. रविवारपर्यंत ती ओसरेल, आणि मग उभं राहून व्याख्यान द्याल."