या, पावणं

जोतिबाच्या डोंगरावर बाबासोंचं गुलाल-खोबऱ्याचं दुकान. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांची हाक असायची, "या, पावणं! चपला हितंच सोडा की!" मग अर्धांगवायूचा झटका आला. उजव्या अंगाबरोबर भाषाही गेली. उरले एवढेच दोन शब्द. तहान लागली तरी "या, पावणं", दुखलं तरी "या, पावणं". अर्थ आवाजावरून लावायचा.

प्रत्यक्षात मात्र त्यांना कुणीच यायला नको होतं. भेटायला कुणी आलं की ते डाव्या हातानं चादर तोंडावर ओढायचे. वाकडं झालेलं तोंड फक्त घरच्यांनी पाहायचं.

उपचारांसाठी कोल्हापुरात एक खोली घेतली होती. त्यांची बायको आक्काताई रोज डोंगरावर जाऊन दुकान सांभाळायची. कॉम्प्युटर इंजिनिअर झालेली लेक प्रीती वडिलांजवळ थांबायची. म्हणून तिला घरूनच करता येईल अशी नोकरी हवी होती. एका ठिकाणी गोष्ट शेवटच्या मुलाखतीपर्यंत आली.

"आण्णा, आज गिऱ्हाईक मोठं हाय. गप पडायचं, व्हय?" मुलाखतीआधी प्रीती वडिलांना म्हणाली.

"या, पावणं," ते हसले.

पडद्यावर पुण्याचे एक साहेब आले. "आधी लॅपटॉप फिरवून सगळी खोली दाखवा. उत्तरं सांगायला कुणी बसलेलं नाही ना, तेवढं बघतो."

प्रीतीनं दार दाखवलं, खिडकी दाखवली, गॅसचा ओटा दाखवला. खाटेपाशी तिचा हात थांबला.

"सर, इथे वडील झोपून आहेत. आजारी आहेत. त्यांना कुणी पाहिलेलं आवडत नाही."

"दोन सेकंद फक्त. नियम आहे."

"हे रेकॉर्ड होतंय ना? नंतर कोण कोण बघणार?"

"ते मला नाही सांगता येणार. पण खोली पूर्ण दिसल्याशिवाय पुढे जाता येत नाही."

तेवढ्यात मागून आवाज आला. "या, पावणं... या, पावणं!"

साहेब हसले. "बघा, ते तर बोलावतायत! तुम्हीच अडून बसलाय."

प्रीतीनं वळून पाहिलं. चादर तोंडावर होती. चादरीची कड त्यांनी डाव्या मुठीत घट्ट आवळून धरली होती.

"ते नको म्हणतायत, सर," ती म्हणाली आणि तिनं लॅपटॉप मिटला.

खाटेच्या कडेला ती बसून राहिली. चादरीला हात लावला नाही. "गेले ते, आण्णा. कोण न्हाय आता."

बऱ्याच वेळानं त्यांनी स्वतःच चादर खाली घेतली. मिटलेल्या लॅपटॉपकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"या, पावणं," ते म्हणाले. माफी मागावी तसं, अगदी हळू.

"जाऊ दे की," दुकानावरनं गिऱ्हाईक परतलं की ते म्हणायचे तसं ती म्हणाली, "दुसरं गिऱ्हाईक येतंय."