शिक्का मी मारला नाही

समितीच्या अध्यक्षांनी माझी यादी हातात घेतली. पहिलं पान पाहिलं. मग ती टेबलावर ठेवली आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला.

"हे कोणं बनवली?"

"मी, साहेब."

"तू?" त्यांनी प्राचार्यांकडे पाहिलं. "हिले कायले ठेवलं आपण? पुस्तकं उचलाले ना? माय गावातले रस्ते झाडते, इनं कपाटं झाडावं. यादी करणारे करतीन."

कॉलेजच्या पुस्तक समितीचे पाच जण बसले होते. दोघं हसले. बाकीचे खाली पाहत राहिले. प्राचार्य मला म्हणाले, "जा, कप घेऊन जा."

मी कप गोळा केले. धुतले. पुसून ट्रेमध्ये लावून ठेवले. आजही मला लाज वाटते ती त्या कप धुण्याची. ते काय बोलले याची नाही. असं बोलणं मी शाळेपासून ऐकून राहिली.

मध्य प्रदेशातल्या सौंसरजवळचं आमचं सरकारी कॉलेज लहान. ग्रंथपालाची जागा रिकामी. माझं पद बुक लिफ्टर. कपाटातून पुस्तक काढायचं, परत आलं की जागेवर ठेवायचं, धूळ पुसायची. एवढंच. पण नोकरी करता करता मी ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली होती. पहिल्या वर्गात. ती दाखवायला गेली तर प्राचार्य म्हणाले, "छान. घरी फ्रेम करून लाव." त्या दिवसापासून ग्रंथपालाचं सगळं काम माझ्याकडे आलं. नोंदवही, नंबर, शिक्के. सही मात्र इतिहासाच्या सरांची.

त्या वर्षी विद्यापीठाची तपासणी येणार होती. ग्रंथालयाला नवीन खोली मिळाली. आता पुस्तकं घ्यायची ठरली. मी वही घेऊन पोरापोरींना विचारत फिरली. तुम्हाला काय वाचायचं आहे? हा प्रश्नच त्यांना कोणी विचारला नव्हता. मग बोलू लागले. एकाला संत्र्याच्या झाडाला लागणाऱ्या रोगांचं पुस्तक पाहिजे होतं. कोणाला पोलीस भरतीचं. दोघीतिघींना बाईच्या शरीराविषयी पाहिजे होतं, तेही त्यांनी कानात सांगितलं. रामाकोन्याहून बसनं येणारी एक पोरगी होती. ती म्हणाली, "मॅडम, बापाच्या वावरात पोरीचा हक्क किती, हे सांगणारं पुस्तक भेटन काय? मराठीत. हिंदीतलं कायद्याचं मायले समजत नाही."

मॅडम. कॉलेजात मला मॅडम म्हणणारी ती पहिलीच.

चार महिन्यांत यादी झाली. तिच्यावर कप ठेवायला एक मिनिट लागलं नाही.

महिन्याभरानं अध्यक्षांची गाडी आली. पांढुर्ण्यात त्यांचा संत्र्याचा व्यापार, तर पुस्तकं आली तीही संत्र्याच्याच खोक्यांत. सतरा खोके. अध्यक्षांनी आपल्या घरचा ग्रंथसंग्रह कॉलेजला दान दिला, असा फलक बाहेर लागला. प्राचार्य म्हणाले, "सगळ्यांवर शिक्का मार, नोंदवहीत चढव. तपासणीच्या आधी संख्या भरली पाहिजे."

मी खोके उघडले. त्यांच्या पोरांची दहा-बारा वर्षांपूर्वीची गाइडं. बंद झालेल्या अभ्यासक्रमाची. वापरून टाकलेल्या डायऱ्या. लग्नाच्या पत्रिकांचे नमुने. उंदरानं कुरतडलेली मासिकं. वाळवी जिवंत होती, बोटावर चढली. घर साफ केलं होतं, दुसरं काही नाही.

रामाकोन्याची पोरगी माझ्या मागे येऊन उभी होती. तिनं एक पुस्तक उचललं. अर्धी पानं उंदरानं नेलेली. तिनं ते उलटसुलट केलं आणि विचारलं, "मॅडम, हे आमच्यासाठी हाय काय?"

रागानं नाही. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

माझ्या हातात शिक्का होता. शाई लावलेला. एकदा शिक्का बसला की तो कचरा कॉलेजचं पुस्तक होतो. मग तोच आमच्या पोरींच्या हातात जातो, आणि वर हे साहेब ऐकवायला मोकळे, एवढी पुस्तकं देली, तरी हे लोक वाचत नाहीत.

मी शिक्का खाली ठेवला. एकेक पुस्तक पाहिलं. सतरा खोक्यांतून कामाची निघाली एकोणीस. ती घेतली. बाकीच्यांची यादी केली, प्रत्येकासमोर कारण लिहिलं. खाली माझी सही. सहीखाली माझी पदवी. यादी प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली आणि खोके व्हरांड्यात काढले.

दुसऱ्या दिवशी दानाचा कार्यक्रम. हार, फोटोवाला, सगळे हजर. अध्यक्षांनी व्हरांड्यात खोके पाहिले.

"हे बाहेर कायले? उचल, अंदर ठेव."

"नाही उचलत."

"काय म्हटलं?"

"साहेब, यातलं आमच्या पोराइच्या कामाचं काही नाही. वाळवी हाय. आत गेली तर चांगली पुस्तकंही खाईन."

प्राचार्य पुढे आले. "तुझं काम उचलाचं हाय. तू कोण ठरवणारी?"

मी म्हटलं, "सर, मी हे शिकली हाय. तुमच्याइतून कोणी शिकलं असन तर त्यानं मारावा शिक्का."

शिक्का मी पुढे धरला. कोणी हात पुढे केला नाही. इतिहासाच्या सरांनीही नाही.

फोटो निघाला नाही. खोके त्याच गाडीतून परत गेले.

तपासणीत संख्या कमी पडली. खापर माझ्यावर फुटलं. मला ग्रंथालयातून काढून आवक-जावकच्या टेबलावर बसवलं आणि कारणे दाखवा नोटीस हातात दिली. पोरापोरींनी माझ्या यादीतली पुस्तकं मागणारा अर्ज दिला आहे. त्यावर अजून काही झालेलं नाही. माय घाबरली. "माफी लिहून दे बाई," म्हणाली, "सरकारी नोकरी हाय." प्राचार्यही तेच म्हणाले. दोन ओळी लिही, प्रकरण मिटवतो.

मी उत्तर लिहिलं. ऑफिसच्या हिंदीत लिहिलं, म्हणजे समजलं नाही असं कोणाला म्हणता येणार नाही. माफी त्यात नाही. मी लिहिलं की सडलेली पुस्तकं नाकारणं हे ग्रंथपालाचं काम आहे आणि ते मी केलं. नोकरी घ्यायची तर घ्या. मला परत त्या खोलीत बसवलं, तर पुन्हा असे खोके आले तरी मी पुन्हा हेच करीन.