कुंकवाची बशी

बनसोडे गुरुजी हॉटेलात कधी स्वतः आधी शिरत नसत. बाजाराच्या दिवशी दुपारी ते परंड्याच्या एस.टी. स्टँडसमोरच्या हॉटेलापाशी येत, दाराशी थांबत आणि आपल्या दोन लेकरांना पुढे घालत. "व्हा पुढं. मधल्या टेबलावर. बेफिकीर बसायचं." मग दुसरीतली सुमन धाकट्या मिलिंदचं बोट धरून आत जायची. दोघांची डोकी तेलाने चपचपीत. मिलिंदचा सदरा तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेला. मागून गुरुजी येऊन लेकरांच्या समोरच्या बाकावर बसायचे आणि म्हणायचे, "सुमन, सांग."

सुमन मान वर करून खणखणीत आवाजात सांगायची, "अप्पाकाका, एक पलेट भजे! एक गुलाबजाम! आन चा!" अख्खं हॉटेल वळून बघायचं. आवाज जरा जरी खाली गेला, तर गुरुजी तिला पुन्हा सांगायला लावत. मी एकदा त्यांना म्हटलं, "अहो, पोरगी केवढ्यानं ओरडते! भजी काय पळून चाललीत?" तर म्हणाले, "भज्यासाठी कोन आणतंय, मास्तर? भजे हिची आई घरी करती. मी हिला इथं आवाजासाठी आणतो."

त्या काळी लेकरांना घेऊन हॉटेलात बसायची रीतच आमच्याकडे नव्हती. बापाने मित्रांबरोबर चहा प्यावा आणि फार तर शेवचिवड्याचा पुडा घरी न्यावा. बायका तर हॉटेलावरून जाताना पदर ओढून तोंड पलीकडे करत. त्यामुळे लेकरं घेऊन टेबलावर बसणारा माणूस म्हणजे गावाला तमाशाच होता, आणि तो माणूस बनसोडे म्हटल्यावर तर विचारूच नका. ते महारवाड्यातले. चारेक वर्षांपूर्वी त्यांनी बुद्धाचा धर्म घेतला होता. शिवाशिवीविरुद्ध कायदा झाला होता. त्याची बातमी आमच्या गावात सगळ्यांपर्यंत पोचली होती, कपबश्यांना तेवढी कळायची होती.

गुरुजींचं शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दूतून झालेलं. त्यामुळे रागावले की जिभेवर उर्दू यायची, आणि रागावत ते पुष्कळ. शाळेत रुजू झाले त्या दिवशी त्यांनी सरळ माठात गडू बुडवून पाणी घेतलं. कोणी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून एकेका मास्तराच्या पिशवीत घरचा तांब्या दिसू लागला, आणि बघता बघता तो माठ एकट्या गुरुजींचा झाला. ते मला म्हणाले, "शाळेनं मला अख्खा माठ बहाल केलाय. एवढी इज्जत तहसीलदाराला तरी हाय का?" मी तेवढा त्या माठातलं पाणी पीत असे, म्हणून आमची दोस्ती झाली असं मला वाटायचं. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. आम्हा दोघांनाही हेडमास्तर आवडत नाहीत म्हणून ती झाली, असं ते सांगत.

हॉटेलचं हे वेड कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. लहानपणी ते वडिलांबरोबर बाजारात येत. हॉटेलच्या बाहेर भिंतीला खिळा आणि खिळ्याला कानाचा टवका उडालेला कप. वडील तो काढत, विसळत, खाली धरत. वरून चहा ओतला जाई. पिऊन झालं की पुन्हा विसळून खिळ्याला. "बापाचा आवाज शेतात दोन बांध पल्याड जायचा, मास्तर. पर त्या खिळ्याखाली त्यो असा बोलायचा, जसं काय चोरी कराया आलाय. माझ्या लेकरांचा आवाज तसा होऊ द्यायचा न्हाय. बाकी काय बी होऊ द्या."

त्यांच्या बायकोला हे पसंत नव्हतं. मी घरी गेलो की ती मध्यस्थ मिळाल्यासारखी माझ्याकडे गाऱ्हाणं मांडायची. "भावजी, तुमी तरी सांगा की ह्यान्ला. लेकरान्ला घरी भाकर न्हाय का? गावाच्या डोळ्यावर येतंय हे." गुरुजी हसून म्हणायचे, "गावाच्या डोळ्यावर यावं म्हणूनच मधल्या टेबलावर बसतो."

आणि खरं सांगायचं तर, गावाने काही केलं नाही. हॉटेलवाले अप्पा तोंडाचे मोठे गोड. "या गुरुजी, बसा. काय म्हणतीय आमची सुमन?" असं हसून स्वागत करत. सुमनची ऑर्डर ऐकून गल्ल्यावर बसल्या बसल्या मान डोलावत. मला वाटू लागलं होतं की चला, बनसोड्यांनी मैदान मारलं.

एका बाजारी माझा मुलगा बाळू माझ्याबरोबर होता. मी एरवी गल्ल्यापाशी उभ्या उभ्या चहा घेऊन निघत असे. पण बाळूने सुमनला पाहिलं आणि हात सोडवून धावला. गुरुजींनी त्याला आपल्या शेजारी, मिलिंदच्या समोर बसवलं. मीही लेकरांच्या बाकाच्या टोकाला टेकलो. चहा आला. लेकरं तेव्हा चहा बशीतूनच पीत. मिलिंदने दोन्ही हातांनी बशी उचलून तोंडाला लावली आणि तिच्याआड त्याचं तोंड झाकून गेलं. समोरचा बाळू त्या बशीकडे बघतच राहिला. मग त्याने आपली बशी उलटी केली, सगळा चहा टेबलावर सांडला आणि भोकाड पसरलं. "मला ही नको! मला तसली पाहिजे, कुंकवाची!"

"कुंकवाची कसली रे?" मी विचारलं.

सुमन खुदकन हसली. तिने आपली रिकामी बशी उलटी करून दाखवली. पांढऱ्या बुडावर बोटाच्या टोकाएवढा लाल ठिपका होता, ऑइलपेंटचा. "ही आमची हाय. अप्पाकाका आमाला निराळी देत्यात. मिलिंदची बी तसलीच, दादांची बी." बापाकडे बोट करत, नवी बांगडी दाखवावी तशा तोऱ्यात ती सांगत होती. मग तिला बाळूची दया आली. "रडू नको. माझी घे."

बशी बाळूच्या हातात पडली, आणि गिऱ्हाईक कितीही मोठं असलं तरी गल्ला न सोडणारे अप्पा धावत आले. "न्हाय न्हाय, बाळ! ती नगं. तुला दुसरी देतो, चांगली." त्यांनी बशी बाळूच्या हातातून जवळजवळ हिसकावलीच.

सुमनने त्यांच्याकडे पाहिलं. "ही चांगली न्हाय का?"

कढईतल्या भज्यांचा आवाज तेवढा येत होता. माझं डोकं भणाणून गेलं. मी मिलिंदच्या पुढची बशी ओढली, माझा चहा तिच्यात ओतला आणि सगळ्यांदेखत पिऊन टाकला. मला वाटलं, मी काहीतरी केलं. गुरुजी शांतपणे म्हणाले, "ठिवा ती खाली, मास्तर. तुम्ही पिलात तर तुमचं नाव होईल. माझी पोरगी पिली की ठिपका लागतो." मी बशी खाली ठेवली.

लेकराने विचारलं की उत्तर द्यायचं, उद्यावर ढकलायचं नाही, हा गुरुजींचा वर्गातला नेम होता. सुमनला तो माहीत होता. तिने विचारलं, "दादा, ठिपका कशाला हाय?" गुरुजींनी गणित समजावून सांगावं तशा आवाजात सांगितलं, "आपण पिलेली बशी दुसऱ्या कुणाला जाऊ नये म्हणून. त्यांना आपला विटाळ वाटतो."

"तुमाला ठावं व्हतं?"

"व्हय. तू माझ्या म्होरंच बसती. पहिल्या दिवशीच दिसला."

सुमनने बशीकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं, आणि मग बापाकडे. "मग तुमी मला मोठ्यानं का सांगाया लावत व्हता?"

बनसोडे गुरुजींना मी इन्स्पेक्टरपुढे गप्प झालेलं पाहिलं नव्हतं, पाटलापुढेही नाही. त्या सात वर्षांच्या पोरीपुढे ते गप्प झाले. गुलाबजाम तसाच टाकून आम्ही बाहेर पडलो. मिलिंद त्याच्यासाठी रडत होता.

वाटेत मी चिडून विचारलं, "माहीत होतं तर इतके दिवस मूग गिळून का बसलात?" ते म्हणाले, "कुंभार मडकं वाळल्याबिगर आव्यात घालत न्हाय, मास्तर. म्हटलं, एकादं वर्ष जाऊ द्यावं. आवाज पक्का झाला की मीच दाखवीन ठिपका, मीच लढाया शिकवीन." मग घराच्या वळणावर म्हणाले, "कच्चंच गेलं."

त्यांनी पोलिसांत दर्खास्त दिली. मी साक्षीदार म्हणून सही केली. चौकशीला जमादार आला, तोवर चांगलाच वेळ गेला होता. अप्पांनी हसतमुखाने फळीवरच्या सगळ्या बश्या उतरवून त्याच्यापुढे उलट्या मांडल्या. एकूण एक बशीला लाल ठिपका. "साहेब, बाजारात बश्या इकडच्या तिकडं जात्यात, म्हणून खूण केलीया." जमादाराने त्यातल्याच एका बशीत चहा घेतला आणि दर्खास्त खोटी ठरवली. पुढच्या बाजारी गुरुजी लेकरांना न घेता माझ्याबरोबर हॉटेलात गेले, मधल्या टेबलावर बसले, बशी उलटी करून पाहिली आणि हसत सुटले. "अप्पा, अवघ्या गावाला बाटवलंस की रं!" मीही हसलो. त्यांच्या कपाच्या कानाचा तेवढा नव्यानेच टवका काढलेला होता. ती नवी खूण आमच्या दोघांच्याही लगेच ध्यानात आली.

सुमन मात्र पुन्हा हॉटेलात गेली नाही. "मला चा आवडत न्हाय," एवढंच म्हणाली. गुरुजींनी तिच्यावर जबरदस्ती केली नाही. ती माझ्याच वर्गात होती. पूर्वी कविता म्हणताना बाहेर रस्त्यावर ऐकू जायची. आता पहिल्या ओळीतल्या मुलींनाही ऐकू येईना. मी "मोठ्याने म्हण" असं म्हणायचो, आणि तिने वर पाहिलं की माझेच शब्द मला नकोसे व्हायचे.

खोट्या तक्रारी करणारा शिक्षक म्हणून गुरुजींची बदली झाली. तेरखेड्याच्याही पलीकडचं खेडं, पावसाळ्यात एस.टी. न जाणारं. पुढे त्यांची सगळी नोकरी त्याच बाजूला गेली आणि तिकडेच ते वारले. मला कळलं तेव्हा महिना उलटून गेला होता. त्यांच्या हातून किती पोरं शिकून मोठी झाली, हे मागाहून पुष्कळांनी सांगितलं. ते सगळं खरं असणार. पण मला त्यांची आठवण येते ती परंडा सोडायच्या आदल्या संध्याकाळची.

त्या संध्याकाळी आम्ही त्यांना जेवायला बोलावलं होतं. माझ्या बायकोने शेंगाच्या पोळ्या केल्या होत्या. गुरुजींची बायको उंबऱ्याशी घुटमळली, तेव्हा हिने तिला हाताला धरून आत नेलं. सगळे एका पंगतीत बसलो. पितळी ताटं मांडली. बाळू, सुमन, मिलिंद, मग आम्ही. हिने पोळ्यांची दुरडी घेऊन विचारलं, "सुमन, काय वाढू गं आधी? पोळी की भात?"

"काय बी चालंल," सुमन पुटपुटली. आणि हिने वाढायला हात पुढे केला, तोच त्या पोरीने आपलं ताट दोन्ही हातांनी उचललं, तिरकं केलं आणि खालून पाहिलं.

ताटाखाली ठिपके होते. लग्नातली ताटं ती. माझ्या सासऱ्यांचं नाव ठिपक्याठिपक्यांनी बुडावर कोरलेलं होतं. सुमनचे हात तिथेच थांबले. माझी बायको घाईघाईने म्हणाली, "नाव आहे गं ते, माझ्या वडलांचं. भांडी देताना घालतात." मला राग आला होता, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. गुरुजी खाली मान घालून म्हणाले, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. आता ती समदीकडं बघणार."

सुमनने आपलं ताट खाली ठेवलं. मग हात लांब करून बाळूचं रिकामं ताट उचललं, ते उलटं केलं, आणि त्याच्या बुडावरची अक्षरं बोट फिरवत एकेक करून वाचली. तेच नाव होतं. तिने ताट त्याच्यापुढे नीट ठेवलं, आणि मगच माझ्या बायकोकडे बघून म्हणाली, "वाढा."